अंगणातील बंब

मार्गशीर्ष लागला, पहाटे तोंडातून वाफ निघू लागली, की आमच्या घरी एक प्रश्न दरवर्षी न चुकता उपस्थित होतो : बंब काढावयाचा की नाही? चिरंजिवांचे म्हणणे असे, की विजेचा गीझर घरात असताना हा खटाटोप कशासाठी? सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की काढावयाचा असेल तर राख कोण उपसणार हे आधी ठरवावे. आम्ही काहीच म्हणत नाही. परसातील पत्र्याखाली जाऊन बंबावरचे गोणपाट दूर करतो आणि प्रश्न त्या वर्षापुरता निकालात निघतो.

बेळगाव, वडोदरा वा हैदराबादकडील वाचकांना या हट्टाचे नवल वाटेल. परंतु ग्वाल्हेरच्या लष्करात ज्याने पौष काढला आहे, त्याला ते वाटणार नाही. पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, दोन-दोन दिवस धुक्यातून सूर्य वर येत नाही, आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंती रात्रभर गारवा ओकत राहतात. ही घरे बांधली गेली ती ज्येष्ठातील लूच्या धास्तीने. थंडीची तरतूद त्यांत कोणी केलीच नाही. तेव्हा ऊब मिळविण्याची साधने तीनच : गच्चीवरचे ऊन, खोलीतली शेगडी आणि परसातला बंब.

आमचा बंब आजोबांनी पुण्याच्या तांबट आळीतून आणविला. पंचवीस लिटर पाणी मावते. त्याची रचना म्हटली तर अगदी साधी, पण पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोभावी इतकी शहाणपणाची आहे. बाहेरचे भांडे पाण्याचे. त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत आरपार गेलेली एक रुंद नळी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेची जागा, त्याखाली तीन पाय. ढलप्या वरून नळीत सोडावयाच्या. हवा खालून जाळीतून शिरते, ज्वाला नळीतून वर चढते आणि भोवतालच्या पाण्याला उष्णता देऊन धुरासह वरच्या तोंडाने बाहेर पडते. विस्तव मध्ये, पाणी चहूंकडे. आग विझविणाऱ्या गाडीलाही आपण मराठीत बंबच म्हणतो. एक बंब पाण्याच्या पोटात आग सांभाळतो, दुसरा आगीवर पाणी ओततो. दोघांना एकच नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या विनोदबुद्धीचे आम्हांस कौतुक वाटते.

बंब बाळगणाराने पहिला नियम पाळावयाचा तो हा, की पाणी भरल्याखेरीज विस्तव घालू नये आणि विस्तव असेतो पाणी संपू देऊ नये. एक बादली काढली की एक बादली गार पाणी आत गेलेच पाहिजे. कारण असे, की नळीच्या पलीकडे पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही. पाणी उष्णता ओढून घेते. पाणी संपले की तोच पत्रा पाहता पाहता तापतो. तांबे वितळावयास हजाराहून अधिक अंश लागतात, ते तग धरते. पण सांध्याला दिलेला कथलाचा डाख अडीचशे अंशांच्या आसपासच हार मानतो. एका मामेभावाने लग्नघाईत आमचा बंब असाच कोरडा पेटविला होता. चूक लक्षात येताच त्याने वरून घागर ओतली, तेव्हा सगळे पाणी सांध्यातून विस्तवावर आले आणि वऱ्हाडाने त्या दिवशी गार पाण्याने स्नान केले.

दुसरी गोष्ट लाकडाची. आमच्याकडे लाकडाच्या वखारीला टाल म्हणतात. टालवाला लाकूड तोलून देतो, त्यामुळे ओले लाकूड विकणे त्याच्या सोयीचे. पाणी लाकडाच्या भावाने विकले जाते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असू शकते, आणि ते पाणी उडविण्यातच विस्तवाची शक्ती खर्च होते. जळते थोडे, धुमसते फार. म्हणून बाभळीच्या ढलप्या आम्ही वैशाखात घेतो आणि पत्र्याखाली हवा खेळेल अशा रचतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणत्कार उमटला, टोकांना भेगा दिसल्या, की समजावे लाकूड वाळले. बद्द आवाज आला तर पुन्हा रचून ठेवावे.

एकदा मास्तरकीच्या सवयीने आम्ही हिशेबही मांडला. एक किलो सुक्या लाकडात सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. पंचवीस लिटर पाणी 15 अंशांवरून 65 अंशांवर नेण्यास साडेबाराशे लागतात. म्हणजे 360 ग्रॅम लाकडात काम भागावयास हवे. तराजूने तोलून पाहिले, तर किलोभराहून थोडे अधिकच गेले. दोन-तृतीयांश उष्णता आकाशाला तापवीत होती! नळीतली काजळी खरवडल्यावर हा आकडा थोडा सुधारला. तेव्हापासून काठीला काथ्या बांधून दर रविवारी नळी घासणे आम्ही स्वतःकडे घेतले आहे. आमच्या बोअरिंगचे पाणी जड असल्याने आतून पांढरा क्षारही धरतो. त्यासाठी हंगामाच्या आरंभी चिंचेचे पाणी रात्रभर भरून ठेवावे, सकाळी तापवून ओतून द्यावे. बाहेरची झळाळी चिंच-मिठाने येते. पण ती पाहुण्यांसाठी असते, पाण्यासाठी नव्हे.

येथवर जे लिहिले ते कोणत्याही जुन्या घरातील आजीबाई सांगतील. पुढचे मात्र आमच्याकडूनच ऐकावे लागेल, आणि ते लिहिणे सोपे नाही.

2003 च्या जानेवारीत सबंध उत्तर हिंदुस्थान थंडीने गारठला होता. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा अडुसष्ट. परसातून बादली आणेतो पाणी कोमट होई, आणि न्हाणीघरातील झरोक्यातून वारा येई. आम्ही मातृभक्तीच्या भरात दोन गोष्टी केल्या : झरोक्यात गोणपाट कोंबले आणि बंब न्हाणीघरात आणून ठेवला. अविचाराने केले असेही नव्हे. दार उघडे ठेवून बंब पेटवावयाचा, धूर पुरता निघून जाऊ द्यावयाचा, लालबुंद निखारे तेवढे उरले की मग आईने आत जाऊन दार लावून घ्यावयाचे. धूर नाही, मग धोका कसला? चार दिवस सारे सुरळीत गेले. आईला दुपारी डोके दुखल्यासारखे वाटे. ते आम्ही थंडीवर ढकलले.

पाचव्या दिवशी सौभाग्यवती ओट्यापाशी होत्या. त्यांच्या लक्षात आले, की तांब्याचा आवाज थांबला आहे. हाका मारल्या, उत्तर नाही. दाराची कडी आम्ही लाथेने तोडली. आई भिंतीला टेकून, झोप लागावी तशी बसलेली. ओठ काळेनिळे नव्हते, चेहऱ्यावर त्रासाची रेषा नव्हती. अंगणात उघड्यावर आणले, चादरीत गुंडाळले, रिक्षाने दवाखान्यात नेले. तेथे तासन्‌तास प्राणवायू दिल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "बंबात पाणी आहे ना रे?"

डॉक्टरांनी आम्हांस बाजूला घेऊन कार्बन मोनॉक्साइडचे नाव उच्चारले. वाचकहो, आमचा विषय मराठी असला तरी सुरुवातीच्या नोकरीत सर्व विषय शिकवावे लागत, आणि 'रंगहीन, गंधहीन, विषारी वायू' हे शब्द आम्ही स्वतः फळ्यावर लिहिलेले होते. मुलांकडून पाठ करून घेतले होते. घरात मात्र आम्ही नाकावर विश्वास ठेवला. हवा अपुरी पडली की कोळसा पुरता जळत नाही आणि हा वायू तयार होतो. बिनधुराचे सुंदर निखारे तो मुबलक देतात. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही. डोके दुखते, मळमळते, पाय लटके पडतात आणि झोप येते. कोरोनाच्या साथीत, 2020 नंतर, अनेकांनी बोटाला लावावयाचे प्राणवायूमापक यंत्र घरी आणले. तेही येथे फसते : या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूयुक्तच भासते आणि आकडा उत्तम दाखविला जातो. तेव्हा थंडीच्या दिवसांत एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर औषध शोधण्याआधी सर्वांनी बाहेर पडावे.

त्याच दिवशी बंब परसात गेला. मातोश्री पुढे अकरा वर्षे होत्या. त्यांनी त्या प्रसंगाबद्दल आम्हांस कधी दोष दिला नाही, आणि ते आम्हांस अधिक जड गेले.

नंतर लक्षात आले, की विस्तव बाहेर आणि ऊब आत हे सूत्र फार जुने आहे. काश्मिरात घरांना आणि मशिदींना हमाम असतो. दगडी फरसबंदीखाली पोकळी असते, लाकडे बाहेरच्या तोंडाने आत सारतात, फरशी तापते, आणि तिच्यातच बसविलेल्या तांब्याच्या भांड्यात पाणी गरम होते. बसणाराच्या वाट्याला धूर येत नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील थंड राज्यांत तर ग्रामीण भागात घरापासून काही अंतरावर लहानशा खोपटासारखी भट्टी उभी असते. आत लाकूड जळते, भोवती पाण्याचे वेष्टन, आणि जमिनीखालून नेलेल्या नळांतून गरम पाणी घरात फिरून खोल्या उबदार ठेवते. म्हणजे आमचाच बंब, फक्त पंचवीस लिटरांऐवजी शेकडो लिटरांचा आणि खोपटात राहणारा. मालकाला तेथेही तीच कामे : राख काढणे, लाकूड वाळविणे, क्षार धरू न देणे.

परंतु त्या भट्ट्यांविरुद्ध तक्रारीही पुष्कळ झाल्या, आणि त्या शेजाऱ्यांच्या होत्या. धुराडे ठेंगणे; पाणी पुरेसे तापले की भट्टीची हवा आपोआप बंद होते आणि लाकूड तासन्‌तास धुमसत राहते. तो धूर मालकाच्या घरात येत नाही, शेजारच्या घरात जातो. अखेर 2015 साली तेथील केंद्र सरकारने अशा नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातली आणि 2020 पासून ती अधिक कडक केली.

हे वाचून आम्ही तिऱ्हाइतासारखे मान डोलावीत होतो, तोच आमच्याच शाळेतील पाचवीतल्या एका मुलीने मधल्या सुटीत येऊन सांगितले, "सर, तुमचा बंब पेटला की आजोबा खिडकी लावून घेतात." ते गृहस्थ आमचे भिंतीपलीकडचे शेजारी, दम्याचे रोगी. त्यांनी वरचा मजला चढविला तेव्हापासून त्यांची खिडकी नेमकी आमच्या बंबाच्या तोंडावर आली होती. भिडेपोटी ते काही बोलले नव्हते. आम्ही विस्तव घराबाहेर काढला होता, पण तो त्यांच्या घराच्या दाराशी नेऊन ठेवला होता. मग पत्र्याचे नळकांडे बंबाच्या तोंडावर बसवून धूर त्यांच्या छताच्या वर नेला, बारीक आणि वाळक्या ढलप्यांचा जिवंत जाळ करू लागलो आणि धुमसणारी ढलपी चिमट्याने बाहेर काढण्याची सवय लावून घेतली. आता बंब रविवारी व सणावारीच पेटतो, आणि पेटविण्यापूर्वी भिंतीवरून हाक मारून सांगतो. एरवी विजेचा गीझर. चिरंजीव निम्मे जिंकले, हे येथे कबूल करतो.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बंब गेले, त्यांच्या जागी घरोघरी गॅसचे गीझर आले, आणि ते नेमके न्हाणीघरात, डोक्याच्या उंचीवर बसविले गेले. झरोका असतो, त्यातून वारा येतो म्हणून काच लावून टाकतात. आम्ही 2003 साली जे केले तेच आता चकचकीत पांढऱ्या पेटीच्या साह्याने होते. हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्याही येतात. गॅसची ज्योत निळी असो वा कोळसा लाल, कोंडलेल्या जागेत दोघांची करणी एकच. गीझर बाहेरच्या मोकळ्या बोळात बसवून घ्या आणि नळाने पाणी आत आणा. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा, आणि मगच आत जा. शेगडी खोलीत ठेवून, दारे लावून निजणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, की विस्तव निजण्यापूर्वी बाहेर न्यावा. तो राखेखाली झाकला म्हणजे विझला असे नव्हे.

असो. यंदा बंबाची तोटी मुळाशी ठिबकू लागली आहे. डाख देणारा कारागीर बाजारात शोधून सापडला नाही. तांब्याची भांडी विकणारे भेटतात, सांधणारे नाहीत. शेवटी कोणीतरी सुचविल्यावरून मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे बंब सायकल-रिक्षात घालून नेला. त्याने तो आडवा केला, नळीत डोकावून पाहिले, जाळीवर टिचकी मारली आणि मोठ्या आदराने विचारले, "मास्टर साब, ये कौन-सी गाड़ी का है?"