लिलावातला साग, गावातला सुतार

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरच्या पट्ट्यात, नव्या आरागिरणीचं नाव काढलं की आक्षेप तयारच असतो: जंगलाजवळ गिरणी म्हणजे चोराच्या हाती किल्ली. आक्षेप पोकळ नाही. इथल्या सागाची चोरटी तोड सगळ्यांना ठाऊक आहे. जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांना लगाम घातला, तोही उगाच नाही.

पण लोक लगामालाच बंदी समजून बसले. २००२ मध्ये केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी नको, असं न्यायालयाने बजावलं. २०१५ मध्ये हा अधिकार राज्यांच्या समित्यांकडे आला आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे जेवढं लाकूड वैधपणे उपलब्ध आहे, तेवढ्यावर गिरणी चालायला कायद्याची हरकत नाही. आणि चोरीच्या सागाला परवान्याची गिरणी लागतेच कुठे? रानातच हातकरवतीने त्याचं काम उरकता येतं. परवान्याच्या गिरणीत आवक-जावकीची वही असते, ओंडक्यावर वन खात्याच्या हातोड्याची खूण असते, वाहतुकीचा पास असतो. तपासायला काही सापडतं ते तिथेच. उलट, वैध लाकूड ज्याच्या आवाक्यात नाही, त्या सुताराला चोरट्याच्या दारात जायची पाळी येते.

दुसरा युक्तिवाद तिजोरीचा. जाहीर लिलावात सर्वाधिक बोलीवाल्याला माल द्यावा, खरा भाव तिथेच मिळतो. भाव मिळतो, पण ओंडक्याचा. थप्पी मोठी, अनामत आधी, उरलेली रक्कम मुदतीत; दोन-तीन दरवाजांपुरतं लाकूड हवं असलेला सुतार त्या आवारात पाऊलच टाकत नाही. चिरणं, रंधणं, चौकटी जोडणं यातली मजुरी मालाबरोबर जिल्ह्याबाहेर जाते आणि ती कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी साग निघाला, तेव्हा मिरवणूक निघाली, ढोल वाजले. दारांवरचं कोरीवकाम मात्र परप्रांतातल्या कारागिरांनी केलं. विदर्भाच्या वाट्याला लाकडाची किंमत आणि गुलाल!

साग कच्चाच बाहेर जाण्याची ही रीत खान्देशाला नवी नाही. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं ते सागासाठी, आणि डांगवर देखरेख ठेवली ती खान्देशच्या भिल्ल एजंटाने. १९४७ नंतर मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या केल्या. कूपतोडीतून ठेकेदाराला दूर सारून आदिवासींना तोडीचं काम नि त्याच्या नफ्यात वाटा मिळाला. पाऊल मोठं होतं, पण आदिवासीचा हात कुऱ्हाडीपाशीच थांबला, रंध्यापर्यंत पोचला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही गौण वनोपजाचा हक्क दिला. इमारती लाकूड त्या व्याख्येत बसत नाही.

‘सवलत दिली की गैरवापर होतो’ असं म्हणणाऱ्यांनी विदर्भातल्या बुरुडांकडे पाहावं. नोंदणी झालेल्या बुरुडाला सवलतीच्या दरात बांबू देण्याची पद्धत तिथे जुनी आहे. मग सुतारालाच वेगळा न्याय का? गावच्या कारागिराला लाकूड नाकारलं की काय होतं, तेही पाहा. १९७३ मध्ये गढवालमधल्या गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडं मागितली. खात्याने ती नाकारली आणि अलाहाबादच्या क्रीडासाहित्य कंपनीला दिली. चिपको आंदोलनाची ठिणगी तिथे पडली. झाडं वाचवण्याइतकाच तो गावच्या कारखान्याच्या लाकडाचा झगडा होता, हे पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत.

राहिला ‘आता प्लायवुडचा जमाना’ हा टोमणा. तर मग जळगावच्या शेतात पेटवल्या जाणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्यांचं काय? त्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र मुंबईच्या ‘सिरकॉट’ या कापूस संशोधन संस्थेने केव्हाच विकसित केलं आहे.

सुतारांना लाकूड देण्यासाठी एकही झाड जादा तोडावं लागत नाही; यावल अभयारण्याला तर हातही लावायचा नाही. वन खात्याच्या कार्य आयोजनेनुसार जे लाकूड निघतंच, त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या थप्प्यांत, मागच्या लिलावांच्या सरासरी दराने, नोंदणीकृत सुतारांना आणि जंगल कामगार संस्थांना द्यावा. डेपोच्या आवारातच, खात्याच्या डोळ्यांदेखत, एक सामाईक आरागिरणी असावी. धुळे वनवृत्ताने निदान एका डेपोत वर्षभर हा प्रयोग करावा आणि त्याचा हिशेब घनमीटर व मजुरी अशा दोन्ही रकान्यांत जाहीर करावा.