वेग हवा, पण सत्य राखून

रोग्याने निश्चल पडून राहावे, ही एम. आर. आय. तपासणीची पहिली अट. ती सांगावयास सोपी, पाळावयास कठीण. कंबरदुखीने बेजार झालेल्या वृद्धास त्या अरुंद, खडखडाटी बोगद्यात अर्धा अर्धा तास न हलता राहा म्हणणे, ही त्याची सत्त्वपरीक्षाच होय. लहान मुलांना तर त्यासाठी कित्येकदा भूल द्यावी लागते. म्हणून हा काळ कमी करणे ही आमच्या मते चैन नसून रुग्णसेवाच आहे.

मुळात हा वेळ लागतो का? क्ष-किरणांप्रमाणे येथे चित्र एका क्षणात उमटत नाही. प्रबळ चुंबकक्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे क्षीण संकेत ओळीओळीने टिपावे लागतात. मग गणिताने त्यांचे चित्र घडते. १९७७ साली रेमंड डमॅडियन यांनी मानवी छातीचे पहिले चित्र घेतले, तेव्हा जवळजवळ पाच तास लागले. त्याच वर्षी पीटर मॅन्सफील्ड यांनी अतिजलद चित्रणाची रीत मांडली. पुढे १९९९ साली झुरिकच्या संशोधकांनी अनेक ग्राहक वेटोळी एकदम वापरून, आणि २००७ साली लुस्टिग, डोनोहो व पॉली यांनी थोड्या संकेतांवरून चित्र उभारण्याचे गणित दाखवून वेळ आणखी वाचविला.

आता उरलेले संकेत संगणक आपल्या शिकवणुकीवरून भरून काढतो. २०२० साली न्यूयॉर्क विद्यापीठ व फेसबुक यांच्या संशोधकांनी सुमारे चौथ्या हिश्शाच्या संकेतांवरून घडविलेली गुडघ्याची चित्रे निदानास नेहमीच्या चित्रांइतकीच उपयुक्त ठरली. परंतु त्याच वर्षी इतर गणितज्ञांनी दाखविले की, अशा काही पद्धतींत बारीकसा दोष चित्रातून पुसला जाऊ शकतो.

मग संथ रीतच बरी काय? नव्हे. रोगी हलला की संथ चित्रही खोटेच पडते. आमचे म्हणणे इतकेच की, पूर्ण संकेतांच्या चित्रांशी ताडून पाहिल्यावाचून कोणत्याही रुग्णालयाने नवी रीत स्वीकारू नये. आणि वाचलेला वेळ रांगेत तिष्ठणाऱ्या रोग्यांच्या पदरी पडावा.

विद्यार्थिमित्रहो, पायऱ्या गाळून गणित सोडविणाऱ्यास गुरुजी ताळा करावयास सांगतात. येथे तर चुकीचा भार वहीवर नव्हे, माणसाच्या प्राणावर पडतो!