बंकम : मूर्खपणा नव्हे, कसब!

इंग्रजीत 'बंकम' असा एक शब्द आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ सापडतो : फोल बडबड, मूर्खपणाचे विचार. आपण मराठीत भाकडकथा म्हणतो, थोतांड म्हणतो. पण या शब्दाचा जन्म पाहिला तर लक्षात येते की तो मूर्ख माणसावरून मुळी आलेलाच नाही.

1820 साल. अमेरिकेच्या संसदेत मिसुरीला राज्याचा दर्जा देताना तेथे गुलामगिरी राहू द्यायची की नाही, यावर वादळी चर्चा चालली होती. नॉर्थ कॅरोलिनातील बंकम परगण्याचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर बोलायला उठले. सभागृह कंटाळले होते. मतदान घ्या, असा गलका झाला. वॉकर थांबले नाहीत. आपल्याला बंकमसाठी बोलायचे आहे, एवढाच त्यांचा खुलासा! म्हणजे भाषण सभागृहासाठी नव्हतेच, गावाकडच्या मतदारांसाठी होते. समोर माणसांच्या गुलामीचा प्रश्न, आणि वक्त्याचे लक्ष मतांवर! त्या परगण्याचे नाव पुढे पोकळ बोलण्याला चिकटले ते कायमचे. मिसुरी गुलामगिरीसह राज्य झाले आणि अमेरिकेतील गुलामांच्या बेड्या तुटायला 1865 उजाडले.

तेव्हा बंकम बोलणारा मूर्ख नसतो. तो हिशेबी असतो. राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी हे नेमके ओळखले होते. 1869 साली त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले 'ब्राह्मणांचे कसब'. खुळचटपणा नव्हे, कसब! आणि 1873 ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, हा असाच एक कसबी युक्तिवाद. बाबासाहेबांनी 1936 साली तो उलटून दाखवला : ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे!

आता आमच्या मीरा-भाईंदरकडे या. 18 व 19 मार्च 2023 रोजी मीरा रोडला बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांचा दरबार भरला. माणसाने तोंड उघडण्याआधी त्याचे दुःख कागदावर लिहून दाखवतो, ही त्यांची ख्याती. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरला अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे श्याम मानव यांनी त्यांना आव्हान दिले होते : आमच्यासमोर सिद्ध करा, 30 लाख रुपये घ्या. शास्त्रींनी रायपूरला या म्हटले. नागपुरात परीक्षा झालीच नाही.

मीरा रोडच्या त्या गर्दीत आमच्या ओळखीची माणसेही होती. कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाच्या घरात दुखणे हटत नाही. त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. दवाखाना परवडत नाही, कचेरीत कोणी ऐकून घेत नाही, म्हणून माणूस दरबाराच्या रांगेत उभा राहतो. प्रश्न त्याच्या अकलेचा नाही. त्याच्या दुःखावर मंडप कोण उभारतो, हा आहे.

कायदा काय करतो? 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. पण हा कायदा अनुसूचीत नोंदवलेल्या कृत्यांनाच लागतो. प्रवचन, कीर्तन त्याच्या कक्षेबाहेर आहे. नागपूरच्या प्रकरणात पोलिसांनी चित्रफिती तपासल्या आणि कायद्याचा भंग दिसत नाही असे कळवले. यावर नुसता संताप करून भागणार नाही. बोलण्यावर सरसकट बंदी आली तर पहिला घाव आपल्याच मंचावर पडेल, हे विसरू नका!

मग उपाय? वकिलीत आम्ही एक गोष्ट शिकलो : जो दावा करतो, त्यानेच तो सिद्ध करायचा. 1872 चा साक्ष कायदा गेला, 1 जुलै 2024 पासून नवा अधिनियम आला, पण हे तत्त्व हलले नाही. चमत्कार खोटा ठरवण्याचे ओझे तुमच्यावर नाही, तो सिद्ध करण्याचे ओझे चमत्कार सांगणाऱ्यावर आहे. संविधानाच्या कलम 51-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. तथागतांनी कालामांना तेच सांगितले होते : परंपरेने आले, ग्रंथात लिहिले, गुरूने सांगितले, एवढ्यावर मानू नका.

ही कसोटी स्वतःलाही लावली पाहिजे. 22 प्रतिज्ञा घेऊनही लग्नाचा मुहूर्त काढणारी घरे आमच्यात नाहीत काय? जयंतीच्या मंचावर निळा फेटा बांधून, वस्तीच्या एकाही प्रश्नाला हात न घालता तासभर गर्जणारा पुढारी कोणासाठी बोलतो? तोही आपल्या बंकमसाठीच बोलतो! टाळ्या मात्र आपण वाजवतो.

बांधवांनो, यापुढे मंचावर कोणीही असो, बाबा असो, मंत्री असो वा आपला कार्यकर्ता, दोन प्रश्न विचारा. हे बोलणे कोणाच्या फायद्यासाठी आहे? आणि याला पुरावा काय? ज्या दिवशी वस्तीतली माउली उभी राहून हे विचारील, त्या दिवशी बंकमचे दुकान बंद पडायला सुरुवात होईल.

जयभीम!