संकलनाच्या टेबलावरचा इतिहास

बखर हाती घेतली की इतिहासाचा विद्यार्थी आधी विचारतो: ही कोणी लिहवून घेतली, आणि तीत कोण गप्प आहे? क्रीडा-माहितीपट पाहताना मात्र हेच प्रश्न आपण विसरतो, कारण डोळ्यांसमोर खरे चित्रण हलत असते. आजचा धागा त्याविषयी.

२०२०च्या एप्रिल-मेमध्ये, जग घरात कोंडलेले असताना, शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघावरची ‘द लास्ट डान्स’ ही दहा भागांची मालिका आली. १९९७-९८च्या हंगामात एनबीएच्या चित्रीकरण पथकाला संघाच्या अंतर्गृहात मुभा मिळाली होती. अट एकच: मायकेल जॉर्डन यांच्या संमतीवाचून त्यातले काही वापरायचे नाही. शेकडो तासांचे ते चित्रण जवळपास दोन दशके पडून राहिले. दफ्तरखान्याची किल्ली कथानायकाच्याच कमरेला! शिवाय कार्यकारी निर्मात्यांत त्यांचे निकटचे सहकारी होते. माहितीपटकार केन बर्न्स यांनी यावर उघड आक्षेप घेतला होता.

मालिकेतले एकही दृश्य खोटे नाही, असे धरून चालू. प्रश्न आहे तो निवडीचा. १९९३-९४मध्ये जॉर्डन निवृत्त होऊन बेसबॉलकडे वळले. त्यांच्याविना बुल्सने साखळीतले ५५ सामने जिंकले; आदल्या वर्षी, त्यांच्यासह, ५७. एकट्या वीराच्या कथेला हा आकडा फार अडचणीचा आहे. प्रेक्षकाच्या मनात उरतो तो मात्र १.८ सेकंदांचा प्रसंग: निर्णायक फेक टोनी कुकोचला दिली म्हणून स्कॉटी पिपेन मैदानात उतरायला नकार देतात. घटना खरीच. पण वर्षभर संघ पेलणाऱ्या माणसाची ओळख त्या एका क्षणात गोठते. पिपेन यांनी २०२१च्या आत्मचरित्रात आपला राग मोकळा केला. (तीही एक बखरच, हे विसरू नये.)

काही जण तर चौकटीतच नाहीत. क्रेग हॉजेस यांनी १९९१च्या विजयानंतर व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी कृष्णवर्णीयांच्या हालाखीविषयी पत्र दिले. १९९२नंतर त्यांना एनबीएत पुन्हा खेळायला मिळाले नाही. त्यांची मुलाखत नाही. १९९६ ते ९८ या तिन्ही विजेतेपदांतले ल्यूक लाँगली यांचीही नाही.

आणि जेरी क्राउज. पिपेन यांना संघात आणणारे, फिल जॅक्सन यांना प्रशिक्षकपद देणारे, कुकोच आणि रॉडमन यांना मिळवणारे व्यवस्थापक. अजिंक्यपदे संस्था जिंकतात, या त्यांच्या वाक्याने खेळाडू दुखावले. आपण ‘एकटे खेळाडू आणि प्रशिक्षक जिंकत नाहीत’ असे म्हटले होते, ‘एकटे’ हा शब्द वार्तांकनात गळला, असे ते सांगत राहिले. मालिकेत त्यांच्या वाट्याला खलनायकाची भूमिका आली. उत्तर द्यायला ते नव्हते. २०१७मध्येच वारले होते.

शिकागोत ते आधीही लोकप्रिय नव्हते, तेव्हा सारा दोष मालिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तिने त्या रागाला नवी पिढी मिळवून दिली, असे माझे मत आहे. जानेवारी २०२४मध्ये बुल्सने आपल्या जुन्या मानकऱ्यांचा गौरव केला. क्राउज यांचे नाव पुकारताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यांच्या पत्नी मैदानातच बसलेल्या होत्या. त्यांना रडू आवरले नाही.