नांव आधीं कीं वर्णन आधीं?

शाळेच्या संग्रहांत शिंगाच्या आकाराचा एखादा दगड असला, कीं त्याखालीं बहुधा एवढीच चिठ्ठी आढळते : 'शृंगप्रवाळ, डेव्होनियन युग'. एकेकटें राहणाऱ्या ज्या प्राचीन प्राण्याचें हें घर, त्याविषयीं यावरून फारसें कांहीं कळत नाहीं. चिठ्ठी लिहिणाऱ्यानें दगड नीट पाहिला नाहीं, एवढें मात्र कळतें.

शिंगाचा आकार ही कोणा एका जातीची मिरास नव्हे. सुमारें ४१ कोटी ९० लक्ष ते ३५ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वींच्या त्या समुद्रांत अनेक कुळांच्या प्रवाळांनीं तो धारण केला होता. शिवाय, गाळांत कललेला प्राणी पुन्हा वर तोंड करावयाच्या खटपटींत वांकडा होई. तेव्हां बांकावरूनही जात ठरत नाहीं. जर्मनींतील आयफेल प्रांतांत सांपडणारा कॅल्सिओला सँडॅलिना हा प्रवाळ सपातीच्या पुढच्या भागासारखा दिसतो व त्यास झांकण असतें. त्या झांकणावरून मोठमोठ्या पंडितांनीं त्यास दीर्घकाळ दोन शिंपांच्या ब्रॅकिओपॉड प्राण्यांत बसविलें होतें!

खरी ओळख आंत असते. शिंग आडवें कापून, तो काप उजेड आरपार जाईल इतका पातळ घांसला म्हणजे मध्याकडे जाणारे उभे पडदे दिसतात. पहिल्या सहा पडद्यांनंतर नव्यांची भर चारच ठिकाणीं पडत जाते, हा नियम कुंट यांनीं १८६९ सालीं दाखविला. न्यूयॉर्क संस्थानांतील हेलिओफायलम हॉली याच्या पडद्यांवर दोहों बाजूंस, डोलकाठीवरील परबाणांसारख्या, आडव्या काड्या असतात. त्या दिसल्यावांचून तें नांव घालूं नये.

परंतु लगेच करवत हातीं घेणेंही आम्हांस मान्य नाहीं. शिंगाच्या सालीवर केंसासारख्या बारीक रेषा असतात. १९६३ सालीं जॉन वेल्स यांनीं मध्य डेव्होनियन काळच्या प्रवाळांवरील अशा रेषा मोजल्या. रोज एक रेषा धरतां वर्षाच्या वाढींत त्या सुमारें ४०० भरल्या. म्हणजे त्या काळीं वर्षाचे दिवस सुमारें ४०० व दिवस अदमासें २२ तासांचा! कपाटांत चकचकीत दिसावीं म्हणून तीं शिंगें कोणी घांसून गुळगुळीत केलीं असतीं, तर हा हिशेब त्यांच्याबरोबरच पुसला गेला असता.

म्हणून आधीं लांबी, मुखाचा व्यास, बांक व सालीची स्थिति टिपावी, चित्र काढावें, आणि मगच कापावें. कापल्यावर पडदे किती व ते किती व्यासावर मोजले, हें दोन्ही लिहावें. प्राणी वाढतो तसे पडदेही वाढत असल्यामुळें नुसती संख्या निरुपयोगी होय. आमचा सह्याद्रि सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. त्यांत हीं शिंगें मिळावयाचीं नाहींत. येथील नमुना दूरदेशाहूनच आलेला असावयाचा, तेव्हां तो कोणत्या गांवच्या कोणत्या थरांतला, ही नोंद हरवली तर अर्धा नमुनाच हरवला. हें सर्व लिहून जातीची जागा कोरी राहिली, तर ती तूर्त तशीच राहूं द्यावी.