लढाई पात्रांची, मने माणसांची

सोंग घेणे ही मनुष्याची फार जुनी आवड आहे. कोकणातील दशावतारात देव आणि दैत्य रात्रभर एकमेकांवर शस्त्रे उगारतात, गर्जना करतात. आणि खेळ संपला की तेच दोघे चेहऱ्यावरचा रंग पुसून एकाच बाकावर चहा घेत बसतात. त्यांच्या युद्धाने प्रेक्षकांचे रंजन होते, पण त्यांच्या स्नेहाला ओरखडाही उमटत नाही.

हेच सोंग आता संगणकाच्या पडद्यावरही अवतरले आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने केवळ शब्दांनी वर्णिलेले एक काल्पनिक जग संगणकावर उभे केले आणि रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे वाढवले. अनेक माणसांनी एकाच वेळी त्यात शिरावे, हिंडावे, पराक्रम करावेत, अशी त्याची योजना होती. आज अशा ऑनलाइन खेळांत कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी लोहार, तर कोणी दरोडेखोर. परंतु दशावतारातील दैत्याला आपला शेवट आधीच ठाऊक असतो आणि तो त्याने मान्य केलेला असतो. या खेळांत लिहून ठेवलेली संहिता नसते. समोरून येणारे पात्र हात जोडील की तलवार चालवील, हे कोणालाच सांगता येत नाही. वादाचे मूळ येथे आहे.

‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ १९९७ साली अमेरिकेत सुरू झाला. त्यातील ब्रिटानिया नावाच्या राज्यात नगराच्या आत रक्षक असत. पण वेशीबाहेर कोणीही कोणाचाही वध करून त्याचे सामान लुटू शकत असे. खेळाडूच एकमेकांना आवर घालतील आणि सज्जन एकत्र येऊन दुर्जनांचा बंदोबस्त करतील, अशी रचनाकारांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात खाणीत धातू खणणारे नवखे खेळाडू मुरलेल्या लुटारूंच्या तावडीत सापडू लागले. खुनी पात्रांची नावे लाल अक्षरांत दाखवण्याची युक्ती झाली. परंतु ज्याला लाल नावाचाच अभिमान वाटतो, त्याला त्या कलंकाची लाज कशी वाटावी? या छळाला कंटाळून पुष्कळ लोक खेळ सोडून गेले, हे त्याचे एक प्रमुख रचनाकार राफ कोस्टर यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. शेवटी २००० साली त्या राज्याची हुबेहूब दुसरी प्रतिकृती निर्माण करण्यात आली. एकीत पूर्वीचेच मोकळे रान राहिले. दुसरीत समोरच्याच्या संमतीवाचून हल्ला करण्यास मज्जाव झाला. बहुसंख्य खेळाडू दुसरीकडे गेले.

यावर काही जण म्हणतात, “हा तर केवळ खेळ आहे. माझे पात्र दरोडेखोर आहे. दरोडे घातले नाहीत, तर मी भूमिका कसली केली?” या म्हणण्यात तथ्यांश आहे. संकट नसेल तर शौर्याला वाव नाही, आणि लुटारू नसेल तर वाटसरूच्या सोबतीला धावून जाण्यात थोरवी नाही. संघर्ष अजिबात काढून टाकलेले काल्पनिक जग आळणी होईल, हे मलाही मान्य आहे. परंतु एकाच नवख्या मुलाला पुन्हा पुन्हा गाठून मारणे, तो चिडला की त्याला हसणे आणि रडून निघून गेला की त्यातच विजय मानणे, ही दरोडेखोराची भूमिका नव्हे. तेथे सोंग संपलेले असते. ते घेणारा माणूसच दुसऱ्या माणसाला दुखवीत असतो. मेलेले पात्र क्षणात पुन्हा उभे राहते. अपमानित झालेले मन तितक्या लवकर उभे राहत नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहावे. आइसलँडमध्ये निर्माण झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळात जानेवारी २०१४ मध्ये एक प्रचंड लढाई झाली. एका तारामंडलाच्या ताब्यासाठी भरावयाची रक्कम वेळेवर भरली गेली नाही, एवढ्या निमित्तावरून हजारो खेळाडू सुमारे २१ तास लढले आणि ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. नुकसान केवढे! तथापि हा संहार पुढे त्या खेळाच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट ठरला. याचे कारण उघड आहे. दोन्ही पक्ष तुल्यबळ होते आणि काय पणाला लावले आहे, हे जाणूनच ते रणात उतरले होते.

म्हणजे दोष लढाईत नसून ती कोणाशी व कशी लढली जाते यात आहे. आपल्याकडे जत्रेतील कुस्त्यांत ‘जोड’ पाहूनच कुस्ती लावतात. नामांकित मल्लाने पोरसवदा गड्याला आखाड्यात ओढून चीत केले, तर त्याच्यासाठी कोणी फेटा उडवणार नाही. कुस्ती संपल्यावर हात मिळवण्याची जी रीत आहे, तिचा अर्थही हाच की, झुंज डावाशी होती, माणसाशी नव्हती.

नियमांच्या भिंती उभारता येतात आणि कित्येकदा त्या उभाराव्याही लागतात. परंतु जगाची दोन जगे करावी लागली, हा त्या खेळातील माणसांच्या संयमाचा पराभवच होता. भिंत हात अडवते. मन वळवीत नाही. म्हणून पडद्यावर शस्त्र उचलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा: खेळ संपल्यावर या माणसाच्या शेजारी बसून मला चहा घेता येईल काय? उत्तर ‘होय’ असेल, तर खुशाल लढावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण खेळणे केव्हाच सोडून दिले आहे, असे समजावे.