कोणता मध कशासाठी?

गेल्या थंडीत आमच्या घरी मधाची एक बाटली तळापासून गोठली. पांढरे दाणे दिसताच अम्मींनी ‘यात साखर मिसळली आहे’ असा निकाल दिला आणि बाटली कचऱ्यात गेली. मागाहून कळले की तो मोहरीच्या फुलांचा मध होता. त्यात ग्लुकोजचे प्रमाण जास्त असते, म्हणून तो लवकर गोठतो आणि लोण्यासारखा दिसतो. कोमट पाण्यात बाटली ठेवली असती तर पुन्हा पातळ झाला असता. चांगला मध आम्ही हाताने फेकला!

ग्लासातल्या पाण्यात थेंब सोडून पाहण्याची परीक्षाही तितकीच कच्ची. साखरेचा घट्ट पाकसुद्धा तळाशी जातो. त्याहून ओळखीच्या मधपाळाकडून, कोणत्या फुलोऱ्याचा ते विचारून घेतलेला मध बरा. आपल्याकडे महाबळेश्वर भागात ही सोय आहे. तिथले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरी माश्यांच्या पेटीतला मध यंत्राने फिरवून काढतात, त्यामुळे तो स्वच्छ असतो. आग्या मोहोळाचे पोळे पिळून काढलेल्या मधात मेण, पराग आणि कधी अळ्यांचा रसही उतरतो. पाण्याचा अंश जास्त राहिला तर पावसाळ्यात तो फेसाळतो, आंबट वास येतो. असा मध घेऊ नये.

आता चवीचे. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडसर. आम्हाला तो सकाळी भाकरीबरोबर आवडतो, पण शरबतात घातला की लिंबाची चव दबते. इफ्तारच्या शरबतासाठी फिक्या रंगाचा, सौम्य मध घ्या. तो आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, मग गार पाणी घाला. नाहीतर तळाशी बसून राहतो. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते. तिचा मध मिळाला तर चुलीजवळ नेऊ नका, नुसता चाखा. उकळत्या चहात सुगंधी मध ओतणे म्हणजे पैसे वाफेवर घालवणे. स्वयंपाकाला स्वस्तातला मिश्र फुलांचा पुरे. मुर्गीच्या मसाल्यात मध सुरुवातीलाच कालवला तर आतून मांस कच्चे आणि वरून काळे होते. शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने लावा. केकमध्ये साखरेपेक्षा कमी घ्या, दूध थोडे घटवा आणि आच मंद ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी ‘मध चालतो’ या समजुतीवर राहू नये. त्यानेही रक्तातली साखर वाढते.

आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको, बोटाला लावूनही नको. मधात बोटुलिझमचे सूक्ष्म बीजाणू असू शकतात. मोठ्यांचे आतडे त्यांना रुजू देत नाही, बाळाचे देते. मग बाळ ढिले पडते, दूध ओढत नाही, श्वासही अडकू शकतो. घरी मध उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. तहनीक तर हदीसमध्ये खजुराचीच आली आहे. तीही डॉक्टरांना विचारून, हात धुऊन, अगदी नावापुरती करावी.

मागे आमच्याकडे बाळ जन्मले तेव्हा नानी मधात बोट बुडवून पाळण्याकडे निघाल्या होत्या. आम्ही त्यांचा हात धरला. त्या रुसल्या. मग त्याच मधाचे लिंबू शरबत करून त्यांना दिले, दोन ग्लास प्यायल्या.